शेंडा पिवळा पडलाय? आधी पाण्यातलं बायकार्बोनेट बघा

खरड छाटणीला (उन्हाळ्यातली छाटणी) महिना झाला की द्राक्षवाल्यांचे फोन सुरू होतात. "शेंडा पिवळा पडलाय, शिरा तेवढ्या हिरव्या आहेत. काय सोडू?" मी आधी एकच विचारतो, पाणी तपासलंय का? उत्तर ठरलेलं. "टीडीएस (पाण्यातले एकूण क्षार) बघितला की. पीएच पण साडेसात आहे."

बायकार्बोनेट म्हणजे पाण्यात विरघळलेला, आम्ल मारणारा घटक. टीडीएस मीटरला तो वेगळा दिसत नाही. पीएच साडेसात असूनही बायकार्बोनेट पाण्यात भरपूर असू शकतं. मे महिन्यात विहीर तळाला जाते तेव्हा तर जास्तच.

द्राक्षाची मुळी लोह ओढायला स्वतः आम्ल सोडते. बायकार्बोनेट ते आम्ल तिथल्या तिथे मारतं. लोह जमिनीत असतं, वेलीला मिळत नाही आणि पान पिवळं पडतं (हा लोहाच्या कमतरतेचा केवडा, बुरशीचा नव्हे). याच दिवसांत काडीत घड तयार होतात. पान आत्ता उपाशी राहिलं की ऑक्टोबर छाटणीनंतर घड शोधत फिरावं लागतं. अशा बागा मी पाहिल्यात.

शेवाळाचं उलटं. त्याला बायकार्बोनेट म्हणजे खाद्य. ते फोडून त्यातला कार्बन डायऑक्साइड घेतं. त्यामुळे हिरव्या शेततळ्याचा पीएच दुपारी नऊच्या वर जातो, रात्री उतरतो. ओढ्यातल्या पाणगवताच्या पानावर बोट फिरवून बघा, खरखरीत चुना लागेल. तोही याच खाण्यातून उरलेला. अशा तळ्याचं दुपारचं पाणी फवारणीला घेऊ नका, भल्या सकाळी घ्या.

पंप पंधरा मिनिटं चालू द्या, त्याच पाण्याने बाटली विसळा, काठोकाठ भरा, त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. अहवालात बायकार्बोनेट लिटरला 1.5 मिलीइक्विव्हॅलंटच्या (अहवालातलं माप, meq/L) आत असेल तर निर्धास्त राहा, 8.5 च्या वर म्हणजे गंभीर. आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाता उरलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) 2.5 च्या वर असेल तर ते पाणी न सुधारता वापरू नका. पातेल्यात पाणी उकळून पांढरा थर बघायची जुनी खूण मीही वापरतो, पण सोडियमवालं पाणी थर न धरताच बाग खातं. म्हणून तपासणी हवीच.

आम्लाचा हिशोब: 1000 लिटर पाण्यातलं लिटरमागे 1 मिलीइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट मारायला 98 टक्के सल्फ्युरिक आम्ल साधारण 27 मिली. पाण्यात 6 असेल आणि 1 ठेवायचं असेल तर 135 मिली. हातमोजे, चष्मा घाला. आम्ल पाण्यात ओता, आम्लात पाणी कधीच नाही.

दुकानदार 'चिलेटेड लोह' (सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं लोह) म्हणून ईडीटीए प्रकार हातात देतो. चुनखडीच्या आठ पीएचच्या जमिनीत ते टिकत नाही, पैसे मातीत. जमिनीतून द्यायचंच तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, तेही पाणी सुधारल्यावर. तोवर संध्याकाळी फेरस सल्फेट 3 ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल 1 ग्रॅम प्रति लिटर फवारा. माझा अंदाज, दोन फवारण्यांत नवं पान हिरवं दिसतं. जुन्या पानाची वाट बघू नका.



बाटली आजच भरा. पहिल्या पावसानंतर घेतलेल्या नमुन्यात उन्हाळ्यातलं पाणी कळणार नाही.