मळणीआधी डिझेलमधलं पाणी काढा, नोझल वाचेल

सोयाबीन कापून सुड्या लागल्यात, ढग रोज दुपारी जमतायत, मळणीयंत्र शेतात उभं आणि ट्रॅक्टर नुसता काळा धूर ओकतोय, लोडच घेत नाही. दर ऑक्टोबरात हेच बघतो. परतीच्या पावसात सुडी भिजली की शेंगेतच मोड येतात, दाणा डागी होतो, मग व्यापारी म्हणेल तो भाव.

दहापैकी आठ वेळा (माझा अंदाज) मूळ एकच, डिझेलमध्ये पाणी. पावसाळाभर अर्धा कॅन गोठ्यात पडलेला, वरून पत्रा ठिबकतो, आतून कॅन घाम धरतो, पाणी तळाला बसतं आणि आपण घाईत तळासकट टाकीत ओततो. नोझल म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारा भाग, त्याची सुई इतकी घट्ट बसवलेली असते की जरासा गंज आला तरी अडकते, मग फवाऱ्याऐवजी धार पडते. डिझेल नीट जळत नाही, खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, इंजिन बंद करा.

सकाळी चालू करायच्या आधी फिल्टरखालचा ड्रेन बोल्ट सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल घ्या. तळाला वेगळा थर दिसला तर स्वच्छ येईपर्यंत काढा. कॅनातलं शेवटचं लिटरभर टाकीत ओतूच नका.

बाकी कामं:
- टाकी संध्याकाळी फुल
- डिझेल गाळून
- फिल्टर मॅन्युअलमधल्या तासांप्रमाणे बदलणे, नंतर एअर (डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा) काढणे
- एअर क्लीनर साफ
- नोझल बसवताना कॉपर वॉशर नवीन

कुठलं नोझल खराब ते ओळखायचं तर स्लो रनिंगवर एकेका पाइपचा नट पंपाकडून जरा सैल करा, आवाज बदलला नाही तर तेच. हे जुन्या साध्या पंपालाच, सीआरडीआयला (कॉम्प्युटरवर चालणारं, फार जास्त प्रेशरचं नवीन इंजिन) अजिबात हात लावू नका.

दुकानदार म्हणेल सगळा सेट बदला, वर ती डिझेलमध्ये ओतायच्या क्लीनरची बाटली घ्या. बाटलीने गंज जात नाही. आधी टेस्टरवर (नोझल तपासायचा हातपंप) समोर बसून फवारा बघा, प्रेशर मॅन्युअलप्रमाणे आहे का ते विचारा, बऱ्याचदा साफ करून, सेटिंग करून काम भागतं. भोकात लोखंडी तार घालू देऊ नका, आणि एका नोझलची सुई दुसऱ्यात नको, जोडी ठरलेली असते. फवाऱ्यासमोर बोट धरू नका, डिझेल कातडीत घुसतं, तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा.

नोझल दुकानात असेल तोवर उघड्या जागी चिंधी कोंबू नका, धागे आत जातात, स्वच्छ बूच लावा आणि सुडीवर ताडपत्री टाका.