इंग्लंडमध्ये निसर्गाच्या पैशाचं काम करायला येताय, तर

दर सप्टेंबरात मला पाच-सहा फोन येतात. कोणी पुण्याहून सीए होऊन आलेलं असतं, कोणी वन्यजीवशास्त्र शिकून, कोणी मुंबईतल्या बँकेची नोकरी सोडून. सगळ्यांना कॉन्झर्व्हेशन फायनान्समध्ये शिरायचं असतं. म्हणजे नदी, कुरण, जंगल, खाजण राखायला लागणारा पैसा उभा करायचा आणि तो पोचतोय का, टिकतोय का ते बघायचं. मी २०११ साली चिपळूणहून शिकायला इथे आले आणि बरीच वर्षं हेच काम करते आहे. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते ते एकदा सलग लिहिते.

आधी व्हिसा, कारण इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. शिक्षण संपल्यावर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल, फक्त पीएचडीवाल्यांना तीन वर्षं. त्यापुढे स्किल्ड वर्कर व्हिसा. त्यासाठी जुलै २०२५ पासून वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगार लागतो, किंवा त्या पदाचा ठरलेला दर, दोन्हींत जो जास्त असेल तो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना काही अटींवर ३३,४०० पर्यंत सवलत आहे. निसर्गसंस्थांमधल्या सुरुवातीच्या बऱ्याच जागांचा पगार यात बसत नाही, आणि छोट्या संस्थांकडे परदेशी माणसाला घेण्याचा परवानाही नसतो. परवाना असलेल्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. अर्ज लिहायला बसण्याआधी ती उघडा, एक संध्याकाळ वाचेल.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. पहिली नोकरी पर्यावरण सल्लागार कंपनीत, पाणी कंपनीत, बँकेत किंवा मोठ्या जमीन-व्यवस्थापन कंपनीत शोधा. कायम राहण्याची परवानगी हातात आली की मग आवडत्या संस्थेत कमी पगारावर जा. मी तसंच केलं. मधली वर्षं वाया जात नाहीत. पैसा देणाऱ्याच्या बाजूला बसल्याशिवाय तो काय बघून हो म्हणतो ते कळत नाही.

आता काम. सध्या इंग्लंडमध्ये नव्या माणसाला सगळ्यात लवकर उपयोगी पडणारा विषय म्हणजे बायोडायव्हर्सिटी नेट गेन. इथे सगळे बीएनजी म्हणतात. २०२१ च्या पर्यावरण कायद्यातून तो आला आणि १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना, २ एप्रिलपासून छोट्यांना लागू झाला. बांधकामात जेवढा अधिवास जाईल त्याहून किमान १० टक्के जास्त उभा करायचा आणि ३० वर्षं राखायचा. मोजणीसाठी एक ठरलेला तक्ता आहे. समजा खतं घालघालून एकसुरी झालेलं २ हेक्टर गवताळ रान घरांखाली जाणार आहे. त्या प्रकाराचे गुण २, अवस्था वाईट म्हणून १. दोन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे ४ युनिट. जागा स्थानिक निसर्ग-आराखड्यात महत्त्वाची असेल तर आकडा थोडा वाढतो. नसेल तर बिल्डरला ४.४ युनिट भरून द्यावी लागतात. स्वतःच्या जागेत जमलं नाही तर तो बाहेरून विकत घेतो. एखाद्या शेतकऱ्याने १ हेक्टरवर रानफुलांचं मध्यम प्रतीचं कुरण केलं तर कागदावर प्रकाराचे ४ गुणिले अवस्थेचे २, आठ युनिट होतात. पण ते उगवून यायला किती अवघड, किती वर्षं लागणार याची वजावट होते, जमीन आधी जशी होती तिचेही गुण वजा होतात, आणि शेतकऱ्याच्या हातात बरीच कमी युनिट उरतात. कुठेच मिळाली नाहीत तर सरकारकडून क्रेडिट घ्यायची. ती ४२,००० पौंडांपासून पुढे आहेत आणि एका युनिटला दोन लागतात. मुद्दाम महाग ठेवली आहेत, म्हणजे बिल्डर आधी शेतकऱ्याकडे जाईल.

हा तक्ता आठवड्याभरात शिकता येतो आणि मुलाखतीत त्याचा उपयोग होतो. पण आपलं खरं काम तक्ता संपल्यावर सुरू होतं. ३० वर्षं कोण बघणार? कापणीचा खर्च बाराव्या वर्षी कुठून येणार, तेव्हा मजुरी किती झालेली असेल? शेतकरी वारला, जमीन विकली गेली, कंपनी बुडाली तर? करार दोन प्रकारे होतो, नगर नियोजन कायद्याच्या कलम १०६ खाली स्थानिक कौन्सिलशी किंवा कॉन्झर्व्हेशन कव्हेनंट, म्हणजे जमीन राखण्याचा कायदेशीर बंधनाचा करार, करून. मग नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्ग-संस्थेच्या नोंदवहीत जागा चढते. यातला शब्द न् शब्द वाचायची सवय लावा. युनिट विकून पहिल्याच वर्षी मोठी रक्कम आली आणि तिचा पुढच्या वर्षांसाठीचा वाटा बाजूला टाकला नाही, तर विसाव्या वर्षी तिथे काट्याकुट्याचं रान असेल, आणि कागदावर कुरण.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती आपल्यातल्या कोणी करायला नको होती. पहिल्या नोकरीत एका जमीनदाराच्या ४० हेक्टर रानाचा हिशेब मी केला होता. गुण, युनिट, खर्च, परतावा, सगळं चोख. तो दाखवायला आम्ही शेतावर गेलो. स्वयंपाकघरात टेबलाशी एक वयस्कर माणूस चहाचा मग धरून गप्प ऐकत बसला होता. सगळं झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, "मग माझ्या मेंढ्या कुठे जायच्या?" तो त्या जमिनीचा कूळ होता. त्याच्या बापानेही तीच जमीन कसली होती. माझ्या हिशेबात तो कुठेच नव्हता. ज्या मुलीच्या आजोबांना १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने जमिनीचा मालक केलं, जिने कूळकायद्याच्या गोष्टी जेवताना ऐकल्या, तिला कूळ आहे का हे विचारावंसं वाटलं नाही. परत येताना गाडीत मला बोलवेना. पुढे तो करार नव्याने लिहिला. जुलैत गवत कापायचं आणि नंतरची चराई कुळाकडेच. कुरणाला ते मानवतं. कापणीनंतर मेंढ्या फिरल्या की रानफुलांच्या बियांना मातीचा स्पर्श होतो. कुळाला राखणीची मजुरीही लागू झाली.

इंग्लंडमध्ये मुख्यतः दोन तऱ्हेची कुळं भेटतील. १९८६ च्या कायद्याखालची जुनी, ज्यांच्यातल्या काहींचा हक्क पुढच्या पिढीकडे जातो, आणि १९९५ च्या कायद्यानंतरची, ठराविक मुदतीची. कोणत्याही जागेची फाइल हातात आली की पहिला प्रश्न हाच: मालक कोण आणि कसतं कोण? सातबारा वाचलेल्या माणसाला तो शिकवावा लागू नये. मालकाचं नाव एका रकान्यात आणि वहिवाट दुसरीकडे, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

म्हणूनच गावाकडचं ज्ञान लपवू नका. मी बघते, आपली मुलं अर्जात फक्त एक्सेल आणि विद्यापीठ लिहितात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाबद्दल लिहा. २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ पासून ग्रामसभा बांबू विकते आणि तो पैसा कसा वापरायचा ते गावच ठरवतं. इथल्या लोकांना याचं मोल कळतं, नीट सांगितलं तर. आपल्या कॅम्पा निधीबद्दल लिहा: जंगल तोडल्याबद्दल भरून घेतलेला पैसा, २०१६ चा कायदा, आणि पैसा जमा होणं व जंगल उभं राहणं यांत केवढं अंतर पडतं ते. बीएनजीची हीच दुखरी जागा आहे. तुम्ही ती आधी एकदा जवळून बघून आला आहात.

लँकेशायरमधली वायर नदी तुम्ही जाऊन बघावी असं मला फार वाटतं. तिच्या वरच्या अंगाच्या शेतांवर छोटे बांध, ओढ्यांत लाकडाचे अडथळे, तळी, झाडं असं काम आहे. पावसाचं पाणी अडवायचं आणि सावकाश सोडायचं, म्हणजे खालचं चर्चटाउन गाव बुडायचं टळेल. कामासाठी ८,५०,००० पौंडांचं कर्ज उभं केलं. ते कोण फेडतं? पूर कमी झाल्याने ज्यांचा खर्च वाचतो ते: पाणी कंपनी, पर्यावरण खातं, पूरविम्याचा भार वाटून घेणारी फ्लड री. शेतकऱ्याला जागा देण्याचे आणि बांध राखण्याचे पैसे मिळतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा मी इथून फोन लावत होते आणि घरचा फोन लागत नव्हता. त्यानंतर ही नदी बघितली. डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याला पाणी धरून ठेवल्याचे पैसे खालच्या बाजारपेठेने द्यावेत, ही कल्पना मला त्या दिवसापासून सोडत नाही.

बाकी मोठी नावं तुम्ही ऐकून येताच. नोव्हेंबर २०२१ मध्ये बेलीझने आपलं ५५ कोटी ३० लाख डॉलरचं रोख्यांचं कर्ज डॉलरला ५५ सेंट भावाने परत घेतलं आणि बदल्यात समुद्र राखायचं कबूल केलं. मार्च २०२२ मध्ये जागतिक बँकेने १५ कोटी डॉलरचा गेंड्यांचा रोखा काढला. त्यातला वरचा परतावा दक्षिण आफ्रिकेतल्या दोन राखीव क्षेत्रांत काळे गेंडे किती वाढले यावर ठरतो. हे व्यवहार अभ्यासा. पण त्यावर काम करणारे वकील आणि बँकर मोजकेच असतात, आणि पहिली नोकरी तिथे शोधण्यात वर्ष घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. एका खोऱ्याचा, एका शेताचा हिशेब आधी पक्का करा.

अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्तांनी ब्रिटिश अर्थखात्यासाठी केलेला जैवविविधतेच्या अर्थशास्त्रावरचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. त्याचा निदान सारांश वाचून या. मुलाखतीत त्याचं नाव निघतंच. केंब्रिजला संरक्षण-संस्था एकाच इमारतीत बसतात, तिथली खुली व्याख्यानं चुकवू नका.

आता रोजचं. गाडी चालवायचा परवाना ही या कामातली मोठी गोष्ट आहे आणि कोणी आधी सांगत नाही. शेतं रेल्वेस्टेशनजवळ नसतात, खेड्यातली बस दिवसातून दोनदा येते. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. ते संपायच्या आत तात्पुरता परवाना काढा, ऑनलाइन ३४ पौंड लागतात, मग लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची. तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच सुरुवात करा. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि खरोखर पाणी न शिरणारा कोट घ्या, स्वस्तातला घेऊन दोनदा पैसे घालवू नका. पूर्णवेळ विद्यार्थ्याला कौन्सिल टॅक्स माफ असतो, पण तसं प्रमाणपत्र कॉलेजकडून मागून द्यावं लागतं.

पहिला हिवाळा जड जातो. दुपारी चारला अंधार पडतो आणि नकाराची पत्रं नेमकी तेव्हाच येतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, डॉलिस हिलला त्याची वास्तू आहे. तिथे जा. मला पहिली खोली तिथल्या एका काकूंच्या ओळखीने मिळाली आणि पहिल्या मुलाखतीला घालायचा कोटही त्यांच्या मुलीचा होता.

आणि मला फोन करण्याआधी एक काम करून ठेवा. तुमच्या गावाजवळची एक जागा निवडा, गायरान, देवराई, नदीकाठ, काहीही. एका पानावर लिहा: सातबारावर कोणाचं नाव आहे, गुरं कोणाची चरतात, लाकूडफाटा कोण नेतं, जागा राखली तर फायदा कोणाला, त्यातले पैसे देऊ शकतील असे कोण, आणि ३० वर्षांनी तिथे जाऊन बघणार कोण. न कळलेल्या जागा कोऱ्या सोडा. घरी फोन करून विचारा, आजीला, तलाठ्याला, गुराख्याला. ते पान घेऊन फोन करा, आपण त्यावरच बोलू.