टर्बो टायमर बसवताय? नव्या ड्रायव्हरनं आधी या चुका टाळा

गिअरची गाडी नुकतीच हातात आलेल्या माणसाला टर्बो टायमरची, म्हणजे चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या यंत्राची, गरज नाही. गाडी बोलेरो असो, स्कॉर्पिओ असो, जुनी डिझेल स्विफ्ट असो की टर्बो पेट्रोल नेक्सॉन. कंपनीतून जशी आली तशीच असेल, तर टायमर जे काम करतो ते तुमचा उजवा पाय शेवटच्या दोन किलोमीटरात करून टाकतो. वर टायमरमुळे पार्किंगची एक वाईट सवय लागते, आणि गिअरच्या गाडीत ती धोक्याची आहे. तरी दुकानदार सुचवतो, कुणीतरी "टर्बो वाचते" म्हणतं आणि लोक बसवून घेतात.

आधी टर्बो का खराब होतो ते पाहू. सायलेन्सरकडे जाणारा गरम गॅस टर्बोचं एक चाक फिरवतो. त्याच शाफ्टवरचं दुसरं चाक हवा दाबून इंजिनात भरतं. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. गाडी जोरात चालली असेल तर डिझेलमध्ये गॅसचं तापमान ७०० अंशांच्या घरात जातं, पेट्रोलमध्ये त्याहून वर. अशा वेळी इंजिन एकदम बंद केलं की ऑइल पंप थांबतो. टर्बोच्या गरम बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल तिथेच जळतं आणि त्याची कडक काजळी जमते. हे वारंवार झालं की ऑइलची बारीक वाट अरुंद होते आणि शाफ्टला ऑइल कमी पडू लागतं.

टायमर एवढंच करतो: चावी काढल्यावरही इग्निशन चालू ठेवतो, ठरवलेला वेळ इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) फिरवतो आणि मग बंद करतो. जपानमध्ये १९८०-९० च्या दशकात जोरात पळवलेल्या, बूस्ट (टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब) वाढवलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी ही वस्तू लोकप्रिय झाली. तिथे तिला अर्थ होता.

चूक पहिली: आपली गाडी रोज कुठे थांबते, हे न पाहता टायमर घेणं

हायवेवरून फाट्याला वळलात, मग गावापर्यंत दोन-तीन किलोमीटर खड्ड्यांचा रस्ता. दुसरा-तिसरा गिअर, ३० चा वेग, मध्ये गुरं आणि बंड्या. एवढ्यात टर्बो आपोआप थंड होतो, कारण इंजिनावर लोड नसतो आणि गॅस फार गरम नसतो. घराच्या फाटकात आल्यावर वेगळं थांबायचं कारणच उरत नाही. कापसाचा पिकअप जिनिंगमध्ये नेला, तरी काट्याच्या रांगेत आयडलवर सरकताना तेच होतं. रांग लांब असेल तर उलट इंजिन बंद करा. तासभर आयडल ठेवण्यात काही फायदा नाही.

खरा धोका दोन-तीन ठिकाणीच आहे. एक, समृद्धी महामार्ग. १२० च्या वेगानं येऊन तुम्ही मिनिटाभरात पंपावर पोहोचता. दोन, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. गाडी भरलेली, चढ सलग, आणि वर पोहोचताच पॉइंटवर लोक उतरायच्या घाईत. (उतरताना तेवढी काळजी नको, पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, टर्बो थंडच राहतो.) तीन, भरलेली ट्रॉली किंवा पिकअप वावरातून चढावर ओढून काढल्यावर लगेच थांबणं.

यातल्या पंपावर तर टायमर उलटा अडचणीचा. डिझेल-पेट्रोल भरताना इंजिन बंद हवं, आणि चावी काढूनही तुमचं इंजिन चालूच. म्हणून पंपाच्या मशीनजवळ जाण्याआधी बाजूला थांबून मिनिटभर आयडल करा, मग पुढे घ्या.

चूक दुसरी, आणि सगळ्यात मोठी: टायमरला गिअर कळतो असं समजणं

ड्रायव्हिंग शिकवताना सांगतात, गाडी लावली की हँडब्रेक ओढा आणि गिअरमध्ये ठेवा. बरोबरच आहे. पण टायमर चालू असताना इंजिन फिरत असतं. सवयीनं पहिला गिअर टाकून क्लच सोडला, की गाडी उडी मारून पुढच्या भिंतीवर किंवा माणसावर जाते. बहुतेक टायमरची सेफ्टी वायर फक्त हँडब्रेकच्या स्विचला जोडलेली असते. हँडब्रेक वर आहे एवढंच त्याला समजतं; गाडी न्यूट्रलमध्ये आहे की पहिल्यात, हे नाही.

न्यूट्रलमध्ये सोडून गेलात तर दुसरी अडचण. दोन-तीन मिनिटांनी इंजिन बंद होतं, गाडी न्यूट्रलमध्येच राहते आणि तिला धरायला फक्त हँडब्रेक. केबल ढिली असेल आणि जागा उताराची असेल, तर गाडी सरकते. गिअरचा आधार टायमरमुळे गेलेला असतो. ऑटोमॅटिक गाडीत 'पी' असतं, तिथे हा प्रश्न येत नाही.

कायदाही इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी गाडी उभी करायची तर सीटवर परवानाधारक चालक हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी सोय हवी. आठवडी बाजारात गाडी चालू ठेवून कुलूप लावून जाणं यात बसवणं कठीण आहे. त्यात गाडीत लेकरं बसलेली असतील, तर त्यांचा हात गिअरकडेच जातो.

मग गिअरची टर्बो गाडी बंद कशी करायची?

१. शेवटचे एक-दोन किलोमीटर २००० आरपीएमच्या खाली चालवा. ओव्हरटेक नको, जोराचं पिकअप नको.
२. थांबल्यावर पायाचा ब्रेक दाबून ठेवा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, एसी बंद.
३. रोजच्या सावकाश चालवण्यात थांबायची गरज नाही. हायवेवरून थेट थांबलात तर ३० सेकंद ते १ मिनिट, लोड घेऊन घाट चढलात तर २ मिनिटं. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.
४. चावी बंद. इंजिन थांबल्यावरच क्लच दाबून गिअर टाका: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. क्लच सोडा, मग पायाचा ब्रेक सोडा. उतार जास्त असेल तर चाकाला दगड लावा.

एवढं महिनाभर केलं की हात आपोआप वळतात. सीटवर बसूनच थांबायचं आहे, तर टायमर कशाला?

चूक तिसरी: बंद करण्याआधी एक रेस मारणं

जुन्या ट्रकवाल्यांची ही सवय अजून गावोगावी दिसते. रेस मारली की टर्बो वेगात येतो आणि त्याच क्षणी चावी बंद केली की ऑइलचा दाब जातो. शाफ्ट मात्र फिरत राहतो, कोरडा. सकाळी थंड इंजिन चालू करताच रेस देणं तितकंच वाईट. ऑइल टर्बोपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात. चालू करा, अर्धा मिनिट थांबा, मग सावकाश निघा.

चूक चौथी: कुटारावर किंवा शेडात गाडी चालू सोडणं

सोयाबीन काढल्यावर वावरात कुटार पसरलेलं असतं, धुऱ्यावर वाळलेली पऱ्हाटी. तिथे गाडी उभी करून टायमरवर सोडून गेलात, तर तापलेला सायलेन्सर खाली आणि जवळ कुणी नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांपैकी अनेकांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. त्यात साचलेली काजळी जाळायचं काम चालू असेल तर सायलेन्सरची लाइन नेहमीपेक्षा खूप गरम असते. अशा गाडीला उगाच जास्त आयडल करणंही चांगलं नाही, डीपीएफ लवकर भरतो. बंद टिनाच्या शेडात धूर कोंडतो, ते तर जिवावरचं आहे. पांदण रस्त्यात गाडी साफ जमिनीवरच लावा.

चूक पाचवी: टायमरवर खर्च, ऑइल आणि एअर फिल्टरवर काटकसर

आपल्याकडे टर्बो बहुधा दोन गोष्टींनी जातो: घाण ऑइल आणि धूळ.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ड्रममधलं ऑइल बीएस ६ पिकअपमध्ये टाकू नका. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं, सी २ किंवा सी ३ ग्रेडचं, कंपनीनं सांगितलेलं ऑइल लागतं. धूळ, लोड आणि एप्रिल-मेचं ऊन असेल तर मॅन्युअलमधली 'सिव्हिअर' वापराची मुदत धरा. डिपस्टिक सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पाहा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तरी बिघाडच. जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) हवेच्या पाइपात जातं.

एअर फिल्टर हंगामात आठवड्याला उघडून पाहा. हवा मारायची तर आतून बाहेर, दाब ३० पीएसआयपेक्षा कमी, नळी थोडी लांब धरून. मग फिल्टरच्या आत टॉर्च लावून पाहा. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर कागद फाटला आहे, फेका. फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूच्या पाइपात बोट फिरवून धूळ आली, तर ती थेट टर्बोच्या पात्यांवर जाते आहे.

नव्या ड्रायव्हरची आणखी एक सवय इथेच सांगायला हवी. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १२०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी ओढायची नाही. टर्बो साधारण १५००-१८०० आरपीएमला जागा होतो. त्याआधी इंजिन घरघरतं आणि काळा धूर सोडतं. एक गिअर खाली घ्या. चिखलात मात्र पाय हळू ठेवा, कारण टर्बो आला की जोर एकदम येतो.

लक्षणं आणि कारणं

*पिकअप नाही, काळा धूर, फुस्स आवाज:* इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज फाटला किंवा क्लिप ढिली. जोडावर ऑइलचा ओला डाग शोधा. टर्बो बदलायची घाई नको.

*निळा धूर, ऑइल कमी होतं:* टर्बोचं सील किंवा ऑइल परतीचा पाइप तुंबलेला. इंजिन थंड आणि बंद असताना हवेचा पाइप काढून शाफ्ट हलवा. बाजूला किंचित खेळ असतोच. पाती घराला घासत असतील, किंवा शाफ्ट पुढे-मागे ठळक हलत असेल, तर टर्बो गेला.

*नवा टर्बोही लवकर गेला:* जुन्याचं कारण तसंच राहिलं. ऑइल, फिल्टर आणि टर्बोला ऑइल देणारा पाइप बदलायला सांगा. टर्बोच्या ऑइल येण्याच्या तोंडात ऑइल भरूनच गाडी चालू करायची आणि पहिली २-३ मिनिटं रेस द्यायची नाही.

*डिझेल इंजिन स्वतःहून रेस घेतंय, चावीनं बंद होत नाही, दाट धूर:* टर्बोमधून आलेलं ऑइल इंजिन जाळतंय. पायाचा ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच सोडा. इंजिन दबून बंद पडेल. तसं जमलं नाही तर सगळ्यांना उतरवा आणि लांब जा. इंजिनाजवळ वाकू नका.

जुनी गाडी घेतली आणि टायमर आधीच आहे?

ओळख सोपी: चावी काढली तरी इंजिन चालू राहतं, आणि डॅशखाली छोटा डिस्प्ले असतो. चावी काढताच इंजिन लगेच बंद पडत असेल तर हँडब्रेक ओढून मीटरमधला दिवा पाहा. दिवा लागत नसेल तर हँडब्रेकचा स्विच किंवा वायर खराब असू शकते आणि त्यामुळे टायमर चालत नसेल. वेळ संपूनही इंजिन थांबत नसेल तर आतला रिले चिकटला असण्याची शक्यता; आधी सांगितलेली सगळ्यात वरच्या गिअरची युक्ती इथेही चालते.

काढणंच उत्तम. चांगल्या फिटिंगमध्ये इग्निशन स्विच आणि गाडीच्या वायरिंगच्या मध्ये तयार प्लग असतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, तो प्लग बाजूला करा, मूळचे दोन कनेक्टर एकमेकांत जोडा. वायर कापून टेप गुंडाळली असेल तर स्वतः हात घालू नका. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सोल्डर करून स्लीव्ह चढवून घ्या, कारण इग्निशनच्या वायरमधून मोठा करंट जातो आणि ढिला जोड तापतो. काम झाल्यावर सगळं बंद करून, गाडी लॉक करून अर्ध्या तासानं बॅटरीचा करंट मोजायला सांगा. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर टायमरची एखादी वायर अजून कुठेतरी जोडलेली असू शकते.