अमेरिकेतल्या कॉलेजला ‘मला इथेच यायचंय’ हे कळवताना या चुका टाळा

बारावीनंतर अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणारी मुलं मार्क, एसएटी ही प्रवेशासाठीची परीक्षा आणि निबंध यांवर वर्षभर राबतात. काही कॉलेजं मात्र आणखी एक गोष्ट बघतात: प्रवेश दिला तर हा विद्यार्थी खरंच येईल का? तिकडे याला ‘डेमॉन्स्ट्रेटेड इंटरेस्ट’ म्हणतात. एकेक विद्यार्थी दहा-बारा ठिकाणी अर्ज करतो आणि जातो एकाच ठिकाणी, त्यामुळे किती जण येतील याचा अंदाज कॉलेजला बांधावाच लागतो. तो बांधला जातो तुमच्या नावावर जमलेल्या नोंदींवरून. मनात कितीही ओढ असली आणि तिची नोंदच झाली नाही, तर कॉलेजच्या दृष्टीनं ती नसल्यातच जमा.

न तपासता सगळीकडे धावपळ

कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेजं दरवर्षी जाहीर करतात ती ठरावीक नमुन्यातली माहिती) असं शोधा, सगळ्यात ताज्या वर्षाची फाइल उघडा आणि सी७ हा तक्ता काढा. त्यात अर्जदाराच्या आवडीची एक ओळ असते. तिच्यापुढे चारपैकी एक खूण असते: फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कॅम्पस हे विचारात घेत नाहीत. तिथले वेबिनार माहितीसाठी जरूर ऐका, पण त्यानं अर्जाचं वजन वाढणार नाही. तो वेळ ज्यांच्या तक्त्यात पहिल्या तीनपैकी एखादी खूण आहे त्यांना द्या. मध्यम आकाराच्या खासगी विद्यापीठांत आणि लिबरल आर्ट्स कॉलेजांत (मुख्यतः पदवीचं शिक्षण देणारी छोटी कॉलेजं) ती जास्त सापडते.

नाव, ईमेल, जन्मतारीख जुळत नाही

आपल्याकडच्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. अनेक कॉलेजं अर्जांसाठी स्लेट नावाची प्रणाली वापरतात. तुमची आधीची नोंद आणि नंतर आलेला अर्ज एकाच मुलाचे आहेत हे ती नाव, ईमेल आणि जन्मतारखेवरून ओळखते. आता बघा: अकरावीत वेबिनारला नाव टाकलं ‘ओम पाटील’, अर्जात पासपोर्टप्रमाणे ‘ओमकार संजय पाटील’. वेबिनारला स्वतःचा ईमेल, अर्जाला एजंटनं उघडून दिलेला. ९ मे ही जन्मतारीख आपल्या सवयीनं ०९/०५ लिहिली, पण अमेरिकेत आधी महिना, म्हणून ती झाली ५ सप्टेंबर. एकाच मुलाच्या दोन फाइली झाल्या आणि दोन वर्षांची सगळी हजेरी भलत्याच फाइलमध्ये पडून राहिली.

त्यामुळे दहावी-अकरावीतच एक साधा ईमेल उघडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. वडिलांच्या नावासकट पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव सगळीकडे लिहा. एजंटला हवं तर ईमेल पुढे पाठवा, पण पासवर्ड तुमच्याच हातात ठेवा. घोळ आधीच झाला असेल तर प्रवेश कार्यालयाला चार ओळींचा ईमेल लिहा: पूर्ण नाव, जन्मतारीख (महिना अक्षरात), जुना आणि नवा असे दोन्ही ईमेल, आणि दोन्ही नोंदी एकत्र करण्याची विनंती. हे काम त्यांच्या रोजच्या सवयीचं आहे, संकोच करू नका.

कॉलेजचे ईमेल न उघडणं

जीमेल हे ईमेल ‘प्रमोशन्स’मध्ये टाकतं आणि मुलं तिकडे फिरकतही नाहीत. ईमेल उघडला का, आतल्या लिंकवर क्लिक केलं का, हे अनेक प्रणालींत नोंदलं जातं. आठवड्यातून एकदा बसून वाचा आणि कामाची लिंक उघडा. एकच ईमेल वीस वेळा उघडून काही हाती लागत नाही. अर्ज भरल्यावर मिळणाऱ्या पोर्टलवर मात्र लगेच लॉगिन करा. कुठला कागद राहिलाय तेही तिथेच दिसतं.

वेबिनारच्या वेळेचा घोळ

नाव नोंदवून गैरहजर राहणं म्हणजे हातचं घालवणं. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार संध्याकाळी ७ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात आणि तेच ५:३० होतं. शक्यतो भारतासाठी ठेवलेलं सत्र निवडा. मुंबई-पुण्यातल्या कॉलेज मेळाव्यात गेलात तर नुसतं माहितीपत्रक घेऊन परतू नका. टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करून फॉर्म भरा. अमेरिकेला जाऊन कॅम्पस पाहिला नाही म्हणून घाबरू नका, इतक्या लांबच्या विद्यार्थ्याकडून सहसा कुणी ती अपेक्षा धरत नाही.

प्रवेश अधिकाऱ्याला नको ते विचारणं

बऱ्याच कॉलेजांत भारताचे अर्ज पाहणारा अधिकारी ठरलेला असतो. त्याला ‘फी किती?’, ‘शेवटची तारीख कधी?’ असं विचारलं की वेबसाइट वाचली नाही हे कळतं. ‘पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम मिळतं का, की आधी एखादा विषय पुरा करावा लागतो?’ हा खरा प्रश्न झाला. असा एखादाच पुरे. आणि ईमेल मुलानंच लिहावा. आईबाबांनी लिहिला की कॉलेजमध्ये नेमकं कुणाला जायचंय असा प्रश्न पडतो.

कुठेही चालेल असा ‘आमचंच कॉलेज का?’ निबंध

१०० ते २५० शब्दांच्या या निबंधात रँकिंग, सुंदर कॅम्पस आणि नामवंत प्राध्यापक यांतच निम्मे शब्द जातात. निबंधातलं कॉलेजचं नाव काढून दुसरं घालून बघा. वाक्य तरीही खरं वाटलं तर ते खोडा. अभ्यासक्रमाच्या पानावरून एक विषय घ्या, त्यातलं नेमकं काय हवंय आणि तुम्ही आजवर केलेल्या कोणत्या कामाशी ते जोडलं जातं, ते लिहा. दोनच गोष्टी घ्या आणि खोलात जा. पाठवण्याआधी नाव पुन्हा तपासा, कारण दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहिलेले निबंध दरवर्षी जातात.

अर्ली डिसिजनची घाई

अर्ली डिसिजन म्हणजे ‘घेतलंत तर इथेच येईन’ असं बांधून घेऊन लवकर केलेला अर्ज. आवडीचा याहून ठळक पुरावा नाही, पण तो करार आहे. एकाच कॉलेजला करता येतो, विद्यार्थी, पालक आणि शाळेचा कौन्सेलर तिघांची सही लागते, आणि प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. तारीख बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर. आर्थिक मदत हवी असेल तर आधी कॉलेजच्या वेबसाइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती खर्च पडेल याचा अंदाज देणारं साधन) परदेशी विद्यार्थ्यांना लागू आहे का ते पाहा आणि घरी आकड्यांवर बोलणी करा. नुसती शक्यता वाढवायला सही करू नका.

वेटलिस्टवर पत्रांचा मारा

निकाल पुढे ढकलला किंवा वेटलिस्टवर टाकलं, तर आधी पोर्टलवरच्या सूचना वाचा. काही कॉलेजं पत्र नको असं स्पष्ट सांगतात. चालत असेल तर एका पानाचं एकच पत्र लिहा आणि त्यात अर्जानंतरचंच काही द्या: नवे मार्क, पूर्ण झालेला प्रकल्प. ‘प्रवेश दिलात तर नक्की येईन’ हे खरं असेल तरच, आणि एकाच कॉलेजला लिहा. तोवर १ मेच्या आत दुसऱ्या एखाद्या कॉलेजात पैसे भरून जागा पक्की करा; वेटलिस्टचं उत्तर बहुधा त्यानंतरच येतं.