जुन्या वेस्टफेलियात सुबारूचं इंजिन बसवताना

आमची व्हॅन 1987 ची फोक्सवॅगन व्हॅनागन वेस्टफेलिया, म्हणजे आत झोपायची सोय असलेली, मागे इंजिन असलेली कॅम्पर व्हॅन. मूळ इंजिन 2.1 लिटरचं, 95 हॉर्सपॉवरचं. कॅलिफोर्नियातल्या टाहो सरोवराकडे जाताना डोनर पास या घाटाच्या चढाला ट्रकवालेसुद्धा ओव्हरटेक करायचे. तिच्यात मी सुबारू लेगसीचं 2.2 लिटरचं ईजे22 इंजिन बसवलं. मूळ इंजिनासारखंच तेही बॉक्सर, म्हणजे समोरासमोर आडव्या सिलिंडरांचं, फिरण्याची दिशा तीच, म्हणून गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही.

पाना उचलण्याआधी कागद बघा. कॅलिफोर्नियात इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा नंतरचंच लागतं, आणि त्याची प्रदूषणाची सगळी उपकरणं सोबत हवीत. स्मॉग रेफरी, म्हणजे अशा गाड्यांचं प्रदूषण तपासणारा राज्याचा तपासनीस, एकेक तपासतो. म्हणून भंगारातून नुसतं इंजिन आणू नका. 1990 ते 94 मधली अख्खी लेगसी घ्या आणि उरलेला सांगाडा विकून टाका.

इंजिन स्टँडवर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकशाफ्टचं मागचं सील बदला. फ्लायव्हीलमागे ऑइल सेपरेटरचं (इंजिनातल्या वाफेतून तेल वेगळं करणाऱ्या कप्प्याचं) झाकण असतं. ते प्लास्टिकचं निघालं तर धातूचं लावा. त्याचे स्क्रू हट्टी असतात. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने डोकी झिजतात, इम्पॅक्ट ड्रायव्हर ठेवून हातोडी मारा. सुबारूचं इंजिन फोक्सवॅगनच्या गिअरबॉक्सला जोडणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट, तिच्या जोडीचं फ्लायव्हील आणि कमी खोलीचा ऑइल पॅन तयार मिळतात. सुबारूचा मूळ पॅन फार खाली लोंबतो, एखाद्या दगडावर आपटायचाच.

खरा वेळ वायरिंग खातं. हार्नेस, म्हणजे इंजिनाच्या वायरींचा जुडगा, जेवणाच्या टेबलावर पसरा (घरच्यांना आधी सांगून ठेवा), प्रत्येक कनेक्टरला मास्किंग टेप लावून नाव लिहा, आणि सगळी नावं लिहून होईपर्यंत कात्री दूर ठेवा. स्पीड सेन्सरची वायर अनेकांना फालतू वाटते. ती तोडली की सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडू शकतं. आपला स्पीडोमीटर केबलचा, म्हणून तिथे चुंबकाचा सेन्सर जोडावा लागतो.

कूलंटची मेख वेगळीच. सुबारूचा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) पंपाकडे परतणाऱ्या पाण्याच्या वाटेवर असतो. हीटरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि बायपास, म्हणजे पाण्याला वळसा घालून जायची वाट, ठेवला नसेल, तर गरम पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि तो उशिरा उघडतो. तेव्हा एक होज कायम वाहता ठेवा. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मधल्या लांबलचक पाइपांत हवा अडकते. व्हॅनचं नाक जॅकने उचला, हीटर पूर्ण उघडा, इंजिन चालू ठेवून कूलंट भरत राहा आणि रेडिएटरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा) बुडबुडे थांबेपर्यंत सैल ठेवा.