राजीनाम्याआधी पगाराला वर्षभर कुलूप लावा

माझा भाचा ओंकार, वय 29, फेब्रुवारी 2025 मधल्या एका रविवारी लॅपटॉप घेऊन भांडुपला घरी आला. पोहे संपायच्या आत म्हणाला, "मामा, नोकरी सोडून फुलटाइम ट्रेडिंग करतो. चौदा महिन्यांत तीन लाख बेचाळीस हजार कमावलेत." माझ्याकडे यायचं कारण म्हणजे खानदानात हा उद्योग करून तोंडावर आपटलेला मी एकटाच. ऑगस्ट 2021 मध्ये मी लोहार चाळीतल्या एका इलेक्ट्रिक मालाच्या पेढीतली हिशेबनीसाची नोकरी सोडली आणि जून 2022 मध्ये दुसरीकडे सहा हजार कमी पगारावर चिकटलो. त्या रविवारी आम्ही जे केलं ते सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न आता ऑफिसातली पोरंही विचारतात.

पहिलं काम नफा मोजायचं. अ‍ॅपच्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरात दिसतो तो नफा बाजूला ठेवा. ब्रोकरच्या साइटवरून वर्षाचा टॅक्स पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा हिशेब, काढा. ब्रोकरेज, एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर), एक्स्चेंजचे चार्जेस, जीएसटी, स्टॅम्प ड्यूटी सगळं वजा करून उरतं ते खरं. ओंकारने हे केलं होतं, पोरगं हुशार आहे. मग मी त्याला सगळ्यात चांगले तीन दिवस पुसायला लावले. एक दिवस होता 4 जून 2024, लोकसभेच्या निकालाचा. आदल्या दिवशी एक्झिट पोलवर बाजार तीन टक्क्यांहून जास्त चढला, निकालाला निफ्टी (पन्नास बड्या शेअरचा निर्देशांक) जवळपास सहा टक्के आपटला आणि याच्याकडे पुट होते, म्हणजे बाजार पडला की घेणाऱ्याला फायदा देणारे करार. त्या एका दिवसाचे 1,18,000. बाकी दोन दिवसांचे 96,000 आणि 81,000. तिन्ही काढल्यावर चौदा महिन्यांचे उरले 47,000, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारसुद्धा नाहीत. तो गप्प झाला. मीही चहा ठेवायच्या निमित्ताने उठलो, कारण माझ्या वेळी मला हे कोणी दाखवलं असतं तर मी भांडलो असतो.

असे दिवस पुन्हा येणारच नाहीत असं नाही, पण ते महिन्याच्या एक तारखेला विचारून येत नाहीत.

त्याचे बरेच ट्रेड बुधवारचे होते, बँक निफ्टीच्या (बँकांच्या शेअरचा निर्देशांक) साप्ताहिक एक्स्पायरीचे, म्हणजे दर आठवड्याला मुदत संपणाऱ्या करारांचे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलं आणि नोव्हेंबरमध्ये ती एक्स्पायरीच बंद झाली. निफ्टीच्या नव्या कॉन्ट्रॅक्टचा लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावा लागणारा कमीत कमी गठ्ठा, 25 वरून 75 वर गेला. तुमची कमाई ज्या एका युक्तीवर उभी आहे ती एका परिपत्रकाने बंद पडू शकते का, हे पाहून ठेवा. नोकरीत निदान नोटीस पीरियड असतो.

आता घरखर्च. ओंकारने शीटमध्ये महिन्याला 40,000 लिहिले होते. मी ताईला फोन लावून स्पीकरवर ठेवला. घराचा हप्ता 24,500. मेंटेनन्स 2,800. किराणा, दूध, भाजी 13,000. वीज, गॅस, मोबाइल, वायफाय 4,700. दोघांची औषधं 3,000. ओंकारचा स्वतःचा खर्च 7,000, हा आकडा त्याने जरा घुटमळत सांगितला. झाले 55,000. मग वर्षातून एकदाच येणारे खर्च: मेडिक्लेम, गणपतीला गावी जाणं, दिवाळी, लग्नांचे आहेर, सोसायटीची दुरुस्ती वर्गणी. हे सगळं 1,44,000, म्हणजे महिन्याला आणखी 12,000. एकूण 67,000. फोन ठेवताना ताई म्हणाली, "आणि एवढं कशासाठी विचारताय?" तिला अजून सांगितलेलंच नव्हतं.

67 हजार गुणिले बारा म्हणजे 8,04,000. ओंकारचं कॅपिटल बारा लाख. म्हणजे फक्त घर चालवायला वर्षाला 67 टक्के परतावा हवा. टॅक्स वेगळा, कॅपिटल वाढवायचं तर तेही वेगळं. आणि पहिले तीन महिने काहीच मिळालं नाही, तोटाही झाला नाही असं धरा. घरासाठी 2,01,000 काढलेत, खात्यात 9,99,000 उरलेत, आणि आता तोच खर्च भागवायला 80 टक्के लागतात. तुम्ही काहीही चुकलेला नाही, तरी गणित अवघड झालं. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स, पुट त्यातलेच) करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात होते. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा राहिलेले जेमतेम एक टक्का. आपल्याला तर दर वर्षी आठ हवेत.

मी हे गणित केलं नव्हतं. मार्च 2020 मध्ये साडेसात हजारावर गेलेला निफ्टी ऑक्टोबर 2021 मध्ये अठरा हजारांच्या वर होता, त्या काळात जो तो हुशार होता. मीही. नोकरी सोडताना पीएफसकट नऊ लाख घेऊन बसलो. पुढे काय झालं ते मला नोकरीत परत गेल्यावर कळलं, एका रात्री सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरकडून येणाऱ्या व्यवहारांच्या पावत्या) प्रिंट करून तारखेप्रमाणे लावल्या तेव्हा. नोकरी असतानाचे तोटे महिनाभर विखुरलेले होते. नोकरी सोडल्यानंतरचे मोठे तोटे जवळजवळ सगळे 22 तारखेपासून पाच तारखेपर्यंतचे. माझा हप्ता पाच तारखेला कटतो.

त्यातला एक सांगतो. 23 फेब्रुवारी 2022. हप्त्याला पंधरा हजार कमी पडत होते. दुसऱ्या दिवशी महिन्याची एक्स्पायरी. निफ्टी सतरा हजारांच्या किंचित वर होता. मी 16,800 चे पुट पन्नासेक रुपयांना विकले, सहा लॉट, तेव्हा लॉट 50 चा होता. तीनशे गुणिले पन्नास, बरोबर पंधरा हजार. निफ्टी 16,800 च्या वर राहिला तर ते माझे, खाली गेला तर तोटा माझा. म्हणजे मी किती लॉट विकायचे हे चार्ट बघून ठरवलं नव्हतं, हप्ता बघून ठरवलं होतं. 24 तारखेला सकाळी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. बाजार उघडताच पाचशे अंक खाली. स्टॉपलॉस (कुठे तोटा घेऊन सुटायचं तो आकडा) मनात होता, पण बाजार त्याच्या कितीतरी खालीच उघडला. वर येईल म्हणून थांबलो आणि तेच पुट चारशेच्या आसपास परत विकत घेऊन सुटलो. 1,05,000 गेले. त्या दिवशी निफ्टी 815 अंकांनी पडला. साडेदहाला आई म्हणाली, "घरीच आहेस तर गॅसवाल्याला दार उघड." उघडलं.

पगार होता तेव्हा असा ट्रेड मी सोडून दिला असता. पगाराने हप्ता भरायचा, आणि मला काही न करता बसायची मुभा असायची. ती मुभा हेच माझं खरं कॅपिटल होतं आणि राजीनाम्याबरोबर ती मी परत करून आलो.

म्हणून आता विचारणाऱ्याला मी एकच उपाय सांगतो: वर्षभर तालीम. नोकरी चालू ठेवायची. पगार ज्या खात्यात येतो त्याचं डेबिट कार्ड घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे द्यायचं आणि त्या खात्याला हात लावायचा नाही. दर एक तारखेला ट्रेडिंग खात्यातून घरखर्चाची पूर्ण रक्कम काढून दुसऱ्या खात्यात टाकायची आणि घर त्यावर चालवायचं. नफा झाला तरी तेवढीच, तोटा झाला तरी तेवढीच. कॅपिटल कुठल्या आकड्याखाली गेलं की तालीम बंद, हे आधीच ठरवायचं. ऑफिसच्या वेळेत इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) जमत नसेल तर पोझिशनल (काही दिवस ठेवायचे ट्रेड) करा, पण पैसे काढणं चुकवू नका. ज्याला हा घाम एसीत बसून फुटतो त्याला पुढचं कळतं. आणि पास झालात तर वर्षाचा पगार तसाच साठलेला असतो. ओंकारचा 78,000 महिना, म्हणजे 9,36,000. वर्षभराच्या घरखर्चाहून जास्त, आणि तो ट्रेडिंगमध्ये टाकायचा नाही.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो. ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, त्यामुळे स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढा. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग पीरियड असू शकतो. पाच वर्षं भरायला थोडे महिने राहिले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांबा. घरासाठी कर्ज घ्यायचंच असेल तर पगाराच्या स्लिपा हातात असताना घ्या, नंतर बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. टॅक्समध्ये एफ अँड ओ हा धंदा धरतात, आयटीआर-3 भरावा लागतो. तोटा पगारातून वजा होत नाही, पण मुदतीत रिटर्न भरला तर आठ वर्षं पुढे नेता येतो. मुदत चुकवलीत तर तोही गेला. लग्नाचं बघत असाल तर मुलीकडच्यांना काय सांगणार तेही ठरवून ठेवा. ओंकारच्या बाबतीत तो प्रश्न माझ्या बायकोने काढला आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ चर्चा झाली.

ओंकारने एप्रिल 2025 पासून तालीम सुरू केली. सहा महिन्यांत 4,02,000 काढले, 2,17,000 कमावले, खात्यात 10,15,000 राहिले. महिन्याला छत्तीस हजार कमाई. वाईट मुळीच नाही, पण घर 67 मागतं. ऑगस्टमध्ये गणपतीला गावी जायच्या आदल्या आठवड्यात त्याने एक मोठा ट्रेड घेतला आणि रात्री मला मेसेज केला, "मामा, हा मी गावी जायच्या भाड्यासाठी घेतला." मी उत्तर दिलं नाही, त्याचं त्याला दिसलं होतं.

तालीम थांबवायचा आकडा आम्ही नऊ लाख ठरवलाय. ताईने तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलाय, आणि डेबिट कार्ड तिच्या डब्यात आहे.