वाऱ्यात रॉकेट लांब वाहून जाऊ नये म्हणून

बडोद्यात मे-जूनच्या दुपारी नैऋत्येचा वारा सुटला की क्लबचं मॉडेल रॉकेट पॅराशूटवर तरंगत पार पलीकडच्या शेतात जातं आणि मुलं उन्हात त्याच्यामागे धावत सुटतात. खरं तर सकाळी लवकर उडवणं सगळ्यात उत्तम. ते जमत नसेल तर नवं, लहान पॅराशूट विकत घेऊ नका, एवढं करा:

१. पॅराशूटच्या सगळ्या दोऱ्या एकत्र धरा, गुंता सोडवून सारख्या ताणा.
२. छत्री आणि खालची गाठ यांच्या साधारण मध्यावर सगळ्या दोऱ्यांभोवती सेलोटेपचा घट्ट वेढा द्या.
३. छत्री प्लास्टिकची असेल तर घडी घालण्याआधी थोडी टाल्कम पावडर भुरभुरा. पदर चिकटत नाहीत, पावसाळी दमट हवेत तर हे हवंच.

छत्री अर्धवट उघडते, रॉकेट लवकर उतरतं. वारा पडला की टेप काढा. जड रॉकेटला हे करू नका, पंख मोडतात.

आणि रॉकेट विजेच्या तारांवर अडकलं तर ते गेलं असं समजा. काठीने, बांबूने काढायला कोणालाही जाऊ देऊ नका, वीज कंपनीला कळवा.